संगणक गप्प झाला तर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, काम करणाऱ्याच्या संगणकाचा आवाज गेला की दुरुस्तीचं साधनही त्याच क्षणी जातं. सेटिंग समोर असते, पण ती वाचून दाखवणारं कुणी नसतं. म्हणून जिथे जमेल तिथे आवाज नसतानाही करता येतील असेच उपाय दिले आहेत. टाइप करायच्या आज्ञा एकेक अक्षर सुटं करून लिहिल्या आहेत, त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा स्क्रीन रीडर. ‘एनव्हीडीए बटण’ म्हणजे इन्सर्ट, किंवा तुम्ही तसं ठरवलं असेल तर कॅप्स लॉक. वेगळं काही सांगितलं नसेल तिथे विंडोज १० किंवा ११ धरावं.

प्रश्न : काम करता करता एनव्हीडीए मध्येच बोलायचं थांबतं. घरात त्या वेळी डोळस कुणी नसतं. मी पॉवरचं बटण दाबून धरते आणि लॅपटॉप बंद करते. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि पॉवरचं बटण अगदी शेवटी ठेवा, कारण न साठवलेलं सगळं काम त्यात जातं. पहिल्यांदा एवढंच ठरवायचं की आवाज गेला आहे, की नुसता बोलणारा गप्प झाला आहे. कानाला दोन्ही सारखंच वाटतं, उपाय मात्र अगदी वेगळे.

कंट्रोल, ऑल्ट आणि एन एकत्र दाबा. एनव्हीडीए नव्याने सुरू होतं आणि सुरू होताना चढत्या सुरांची एक छोटी धून वाजते. धून ऐकू आली पण पुढे बोलणं नाही, तर आवाजाची वाट शाबूत आहे आणि घोटाळा बोलण्याच्या सेटिंगमध्ये आहे. धूनही आली नाही, तर आवाजाच्या वाटेतच काहीतरी अडलं आहे. (सुरू-बंद होतानाचे आवाज तुम्ही स्वतः बंद केले नसतील, तरच ही खूण चालेल.) पडताळणीसाठी विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबून नॅरेटर हा विंडोजमधलाच स्क्रीन रीडर सुरू करून पाहा. तो बोलला तर गुंता फक्त एनव्हीडीएपुरता. त्याच तीन बटणांनी नॅरेटर परत बंद होतो.

बोलण्याचाच घोटाळा असेल तर सर्वांत जास्त वेळा चूक निघते ती एनव्हीडीए आणि एस या जोडीत. हे दाबलं की बोलण्याची पद्धत बदलते : नेहमीचं बोलणं, मागितल्यावरच बोलणं, पूर्ण बंद, नुसते बीप. घाईत टाइप करताना हात पडला की बोलणं बंद होतं. एकदा दाबा, दोन सेकंद थांबा, बाणाचं बटण दाबून ऐका. बोललं नाही तर पुन्हा. ‘मागितल्यावरच बोलणं’ ही पद्धत २०२४.१ या आवृत्तीपासून आली. त्या पद्धतीत बाण फिरवूनही शांतता राहते, त्यामुळे अनुभवी माणसंही फसतात.

एकाच प्रोग्राममध्ये शांतता आणि बाकी सगळीकडे बोलणं चालू, असं असेल तर त्या प्रोग्रामपुरतं एनव्हीडीए झोपवलं गेलं आहे. त्या प्रोग्राममध्ये जाऊन एनव्हीडीए, शिफ्ट आणि एस दाबा. लॅपटॉपची बटणरचना निवडली असेल तर एसऐवजी झेड.

एवढ्याने जमलं नाही तर आवाज देणारं इंजिन बदला : एनव्हीडीए, कंट्रोल, एस, एक सेकंद थांबून ई, मग एंटर. याने ई-स्पीक निवडलं जातं. ते एनव्हीडीएच्या पोटातच असतं, त्यामुळे सहसा दगा देत नाही. त्या यादीत ‘नो स्पीच’ असाही एक पर्याय असतो, आणि बाण जास्त दाबला गेला की नेमका तोच निवडला जातो.

आता दुसरी शक्यता, धूनही न येण्याची. आधी आवाजाची पातळी. म्यूटचं बटण आंधळेपणाने दाबत राहू नका, कारण ते एकदा चालू एकदा बंद होतं आणि आपण कुठे आहोत ते कळत नाही. विंडोजमध्ये आवाजाचं बटण एकदा दाबलं की पातळी शंभरपैकी २ ने बदलते. म्हणून आवाज कमी करायचं बटण मोजून ५० वेळा दाबा, म्हणजे पातळी नक्की शून्यावर येईल. मग आवाज वाढवायचं बटण २० वेळा दाबा. आता पातळी ४० वर आहे आणि म्यूटही निघालं आहे, हे न ऐकताही ठामपणे सांगता येतं. काही लॅपटॉपवर या बटणांसोबत एफएन दाबावं लागतं. तुमच्या यंत्रावर कसं आहे ते आवाज चालू असतानाच पाहून ठेवा.

तरी शांतता असेल तर कंट्रोल एस दाबून हातातलं काम साठवा आणि यंत्र रीस्टार्ट करा : विंडोज आणि एक्स, मग यू, मग आर. शटडाउन करून पुन्हा सुरू करणं याच्या बरोबरीचं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउनच्या वेळी विंडोज आपल्या गाभ्याची आणि ड्रायव्हरांची (उपकरणं चालवणाऱ्या प्रोग्रामांची) स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच परत उचलतं, म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येतो. रीस्टार्टमध्ये सगळं कोरं सुरू होतं.

प्रश्न : लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडला की आवाज जातो. केबल काढली की येतो. मॉनिटरला स्पीकर नाहीतच, मग आवाज जातो कुठे?

उत्तर : मॉनिटरकडेच जातो. एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर ध्वनीही वाहतो. स्पीकर नसलेले कितीतरी मॉनिटर ‘मी ध्वनी घेतो’ असं संगणकाला कळवतात, आणि विंडोज नव्या पाहुण्याला मुख्य मान देतं. लगेचचा उपाय तुम्ही ओळखलाच आहे, केबल काढणं. पण केबल न काढता, काहीही ऐकू येत नसतानाही हे सुधारता येतं.

विंडोज आणि आर दाबा. टाइप करा : एम एम एस वाय एस डॉट सी पी एल. एंटर. तीन सेकंद थांबा. ध्वनी-उपकरणांची यादी उघडते. खालचा बाण एकदा दाबा, म्हणजे पहिलं उपकरण निवडलं जाईल. ऑल्ट आणि एस दाबा. हे ‘सेट डिफॉल्ट’चं बटण. दोन-तीन सेकंद थांबा आणि एखादं बाणाचं बटण दाबून ऐका. आवाज आला नाही तर एस्केप दाबून खिडकी बंद करा आणि पुन्हा विंडोज आर. रनच्या चौकटीत आधीची आज्ञा तशीच असते, त्यामुळे नुसतं एंटर पुरतं. या वेळी खालचा बाण दोनदा, मग ऑल्ट एस. पुढच्या वेळी तीनदा. दर वेळी खिडकी नव्याने उघडायची, कारण ऑल्ट एस दाबल्यावर फोकस यादीत राहिला की बटणावर गेला हे न ऐकता कळत नाही, आणि मग बाणांची मोजणी चुकते. यादीत सहसा दोन ते पाच उपकरणं असतात, म्हणजे दोन-तीन मिनिटांत आवाज परत मिळतो.

एकदा आवाज आला की कायमचा बंदोबस्त करा. त्याच यादीत मॉनिटरचं नाव शोधा. त्याच्यासोबत ‘डिस्प्ले ऑडिओ’ किंवा ग्राफिक कार्डाचं नाव ऐकू येईल. शिफ्ट एफ१० दाबा आणि ‘डिसेबल’ निवडा. निवडण्याआधी नाव दोनदा ऐका. ज्यातून ऐकत आहात तेच बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

टीव्हीवर सिनेमा पाहायचा असेल तर मात्र डिसेबल करू नका. त्याऐवजी एनव्हीडीए, कंट्रोल आणि यू दाबा. ध्वनीची सेटिंग उघडते आणि पहिलाच रकाना ‘आउटपुट डिव्हाइस’ असतो. तिथे ‘डिफॉल्ट’ऐवजी लॅपटॉपच्या स्पीकरचं नाव निवडा. आता सिनेमाचा आवाज टीव्हीवर जाईल आणि एनव्हीडीए लॅपटॉपमधूनच बोलेल. उलट कधी एनव्हीडीए नको त्या उपकरणात अडकलं तर सुटकेचा मार्ग छोटा आहे : एनव्हीडीए कंट्रोल यू, होम, एंटर. होमने यादीतला पहिला, म्हणजे ‘डिफॉल्ट’ हा पर्याय निवडला जातो. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून विंडोज, कंट्रोल आणि व्ही दाबलं की उपकरणांची यादी थेट समोर येते. आवाज चालू असताना अदलाबदलीसाठी ती फार सोयीची आहे.

प्रश्न : हे विचित्र वाटेल, पण हेडफोन लावल्यावर गाण्यातली वाद्यं लांबून ऐकू येतात, गायक जवळजवळ गायब असतो, आणि एनव्हीडीए अजिबात ऐकू येत नाही. हेडफोन काढले की लॅपटॉपमधून सगळं ठणठणीत.

उत्तर : विचित्र अजिबात नाही. तुमच्या कानाने दोष नेमका टिपला आहे. संगणकात काही बिघडलेलं नाही, पिन नीट बसलेली नाही.

हेडफोनच्या साडेतीन मिलिमीटर पिनवर टोकाकडून डावा कान, मग उजवा कान आणि मुळाशी दोघांची सामाईक परतीची तार असते. पिन अर्धी बसली किंवा ती सामाईक तार तुटली, तर वीज एका कानातून निघून दुसऱ्या कानातून परतते. मग ऐकू येतो तो डाव्या आणि उजव्या आवाजातला फक्त फरक. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच ठेवलेला असतो, म्हणून तो खोडला जातो. वाद्यं एका बाजूला जास्त असतात, म्हणून ती उरतात. स्क्रीन रीडरचा आवाज तर दोन्ही कानांत तंतोतंत सारखा, त्यामुळे तो जवळजवळ पूर्णच नाहीसा होतो. डोळस माणसाला हा दोष ‘आवाज जरा पोकळ येतोय’ एवढाच वाटतो. आपल्यासाठी मात्र तो पूर्ण शांतता आणतो.

पिन बाहेर काढा, खाचेच्या कडेला साचलेली धूळ फुंका आणि पिन सरळ आत ढकला. बऱ्याच खाचांत दोन टप्पे लागतात. पहिल्या टप्प्यावर बसल्यासारखं वाटतं, पण दुसरा हलका ‘टक्’ जाणवेपर्यंत दाब सोडू नका. लॅपटॉपला कव्हर असेल तर ते काढून पाहा, कारण जाड कव्हरमुळे पिन एक-दीड मिलिमीटर बाहेर राहते. मग पिनच्या धातूवरून नख हळू फिरवा. वेगळ्या पोताची दोन वलयं लागली तर साधा हेडफोन, तीन लागली तर माइकवाला. तीन वलयांची पिन फक्त साध्या हेडफोनसाठी असलेल्या जुन्या खाचेत हाच दोष दाखवू शकते. त्यासाठी माइक आणि हेडफोन वेगळे करणारा छोटा जोडवायर मिळतो.

टेबलावरच्या संगणकासाठी एक गोष्ट जोडून सांगतो. मागच्या बाजूला या मापाची तीन भोकं एका रांगेत असतात आणि ती रंगाने ओळखायची असतात, म्हणजे आपल्या उपयोगाची नाहीत. नेहमीच्या मांडणीत स्पीकरचं भोक मधलं असतं. साफसफाईनंतर आवाज गेला तर आधी मधल्या भोकात पिन आहे का ते चाचपा.

प्रश्न : ब्लूटूथ इअरफोनवर प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द अर्धा तुटतो. ‘इनबॉक्स’चं ‘बॉक्स’ होतं. वायरच्या हेडफोनवर असं होत नाही.

उत्तर : बॅटरी वाचवण्यासाठी इअरफोन किंवा त्याची जोडणी काही सेकंद शांतता मिळाली की झोपते आणि जागं व्हायला थोडा वेळ घेते. तेवढ्यात तुमचा पहिला शब्दांश निघून जातो. गाणं सलग वाजतं म्हणून त्यात हे कळत नाही. स्क्रीन रीडर तुटक बोलतो म्हणून त्यालाच बसतं. काही एचडीएमआय स्पीकर आणि लॅपटॉपचे आतले स्पीकरही असंच वागतात.

एनव्हीडीए कंट्रोल यू दाबा आणि टॅबने पुढे जात ‘बोलणं संपल्यावर ध्वनी-उपकरण किती वेळ जागं ठेवायचं’ अशा अर्थाचा इंग्रजी रकाना शोधा. मुळात तिथे ३० सेकंद असतात. वाढवून पाहा. शून्य केलेलं असेल तर दुखण्याचं मूळ तिथेच. एनव्हीडीए जुनं असेल आणि हा रकानाच सापडला नाही, तर आवृत्ती बदलून घ्या. यूएसबीच्या साउंड कार्डावर हीच तक्रार असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा.

अक्षर दाबलं आणि ते किंचित उशिरा ऐकू आलं, हा मात्र वेगळा विषय. ध्वनी गुंडाळणं, पाठवणं, उलगडणं यात ब्लूटूथचा वेळ जातोच आणि तो कोणत्याही सेटिंगने शून्य होत नाही. भराभर टाइप करणाऱ्याने कामाला वायरचाच हेडफोन वापरावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : ऑनलाइन मीटिंग सुरू झाली की दोन गोष्टी होतात. एनव्हीडीएचा आवाज एकदम बारीक होतो आणि इअरफोनमधून सगळं जुन्या टेलिफोनसारखं ऐकू येतं. ‘एस’ आणि ‘एफ’ यातला फरकही कळत नाही.

उत्तर : कारणं दोन आहेत, एकमेकांशी संबंध नसलेली.

बारीक होण्याचं कारण विंडोजमध्ये आहे. फोन किंवा मीटिंग चालू असल्याचं कळलं की ते बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणतं, आणि आपला एनव्हीडीए त्याला ‘बाकीचा’ वाटू शकतो. वर दिलेली एम एम एस वाय एस डॉट सी पी एल ही खिडकी उघडा, कंट्रोल टॅब तीनदा दाबून ‘कम्युनिकेशन्स’ या पानावर जा, टॅबने पर्यायांवर या आणि खालच्या बाणाने शेवटचा ‘डू नथिंग’ निवडून एंटर दाबा. एकदा केलं की पुरे. याच्या उलट, एनव्हीडीए बोलताना मीटिंगमधली माणसं बारीक होत असतील तर ती एनव्हीडीएची स्वतःची सोय आहे. एनव्हीडीए, शिफ्ट आणि डी दाबत ‘नो डकिंग’ येईपर्यंत फिरवा.

टेलिफोनसारख्या आवाजाचं कारण ब्लूटूथमध्ये आहे. नुसतं ऐकताना इअरफोन चांगल्या स्टिरिओ पद्धतीत चालतो. त्याचा माइक कुणी मागितला की त्याला दुतर्फा बोलण्याच्या पद्धतीत जावं लागतं. ही पद्धत मोनो असते, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, आणि तिच्यात ध्वनीचे नमुने सहसा सेकंदाला ८ हजार किंवा १६ हजार घेतले जातात. ८ हजार नमुन्यांत ४ हजार हर्ट्झच्या वरचं काहीच मावत नाही. ‘एस’चा सीत्कार बहुतांशी त्याच्या वरच असतो, म्हणून ‘एस’ आणि ‘एफ’ एकच वाटतात. पासवर्ड किंवा खाते क्रमांक अक्षर-अक्षर ऐकणाऱ्यासाठी ही किरकोळ गैरसोय नाही.

उपाय सोपा आहे. मीटिंगच्या प्रोग्राममध्ये माइक म्हणून इअरफोन न निवडता लॅपटॉपचा आतला माइक निवडा. माइक मागितलाच गेला नाही की इअरफोन चांगल्या पद्धतीतच राहतो. विंडोज १० मध्ये एकाच इअरफोनची दोन नावं यादीत दिसतात, एक ‘स्टिरिओ’ आणि एक ‘हँड्स-फ्री’. एनव्हीडीए कधीही ‘हँड्स-फ्री’वर ठेवू नका.

आणि मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवताना ‘संगणकाचा आवाजही पाठवा’ हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर तुमचा एनव्हीडीए सगळ्यांना ऐकू जातो.

प्रश्न : कालपासून एनव्हीडीए फक्त डाव्या कानात आणि बाकी सगळं उजव्या कानात येतं आहे. हेडफोन बिघडला का?

उत्तर : नाही. एनव्हीडीए, ऑल्ट आणि एस ही बटणं दाबली गेली आहेत. २०२४.२ पासूनची ही सोय आवाज दोन कानांत वाटून देते. तीच बटणं पुन्हा दाबली की वाटणी जाते. खरं तर मीटिंगमध्ये ती फार कामाची आहे, बोलणारा एका कानात आणि स्क्रीन रीडर दुसऱ्यात. पण एकच इअरफोन घालत असाल तर विंडोज आणि यू दाबून ॲक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ चालू करा, म्हणजे दोन्ही बाजूंचं सगळं त्या एका कानात येईल.

प्रश्न : विंडोजचा अपडेट झाल्यावर आवाज कायमचाच गेला. रीस्टार्ट करून झालं. एकाने ‘सेफ मोडमध्ये जाऊन बघ’ असं सांगितलं आहे.

उत्तर : सेफ मोडमध्ये जाऊ नका. हा सल्ला डोळस माणसासाठी ठीक आहे. सेफ मोडमध्ये विंडोजची ध्वनी-सेवाच सुरू होत नाही, त्यामुळे ड्रायव्हर धडधाकट असला तरी तिथे कोणताच स्क्रीन रीडर ऐकू येत नाही. यूएसबी हेडफोनही नाही. त्यातून एम एस कॉन्फिगमधून सेफ बूट निवडलंत तर ती खूण काढेपर्यंत यंत्र दर वेळी त्याच शांततेत उघडेल.

आधी ध्वनी-सेवा नव्याने सुरू करा. विंडोज आर, टाइप करा सी एम डी, आणि नुसतं एंटर न दाबता कंट्रोल, शिफ्ट, एंटर दाबा. परवानगीची खिडकी येते, तिला ऑल्ट वाय. तीन सेकंद थांबून पहिली ओळ टाइप करा : एन ई टी, स्पेस, एस टी ओ पी, स्पेस, ए यू डी आय ओ ई एन डी पी ओ आय एन टी बी यू आय एल डी ई आर, स्पेस, तिरपी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावरची), वाय. एंटर. पाच सेकंद थांबा. दुसरी ओळ : एन ई टी, स्पेस, एस टी ए आर टी, स्पेस, ए यू डी आय ओ एस आर व्ही. एंटर. पहिली ओळ उपकरणं शोधणारी सेवा आणि तिच्यावर अवलंबून असलेली ध्वनी-सेवा अशा दोन्ही थांबवते; दुसरी ओळ ध्वनी-सेवा सुरू करताना उपकरणं शोधणाऱ्या सेवेलाही उठवते. मग कंट्रोल ऑल्ट एन दाबून एनव्हीडीए नव्याने सुरू करा.

शांततेत एवढं बिनचूक टाइप करणं कठीण जातं. म्हणून आवाज चालू असतानाच या दोन ओळी नोटपॅडमध्ये लिहून फाइल डॉट बी ए टी या शेपटाने साठवा. तिचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शॉर्टकट की’ला कंट्रोल ऑल्ट आणि एखादं मोकळं अक्षर द्या, आणि ॲडव्हान्स्डमध्ये ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’वर खूण करा. पुढच्या वेळी ती तीन बटणं आणि मग ऑल्ट वाय, एवढंच करावं लागेल.

सेवेने काम झालं नाही तर ड्रायव्हर पाहावा लागेल, आणि त्याला हात लावण्याआधी यूएसबी हेडफोन किंवा यूएसबी साउंड कार्ड जोडून त्यातून बोलणं ऐकू येतंय याची खात्री करा. हे वगळून पुढे जाऊ नका. मग विंडोज एक्स, एम. डिव्हाइस मॅनेजर उघडतो. ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’पर्यंत जा, उजव्या बाणाने उघडा आणि आतल्या ध्वनी-उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरचं पान काढा. ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबता येत असेल तर अपडेटच्या आधीचा ड्रायव्हर परत मिळतो. अपडेटनंतरच्या दुखण्यात हाच पहिला उपाय. ते बटण मंद असेल तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा, पण ‘ड्रायव्हरची फाइलही काढा’ या चौकटीवर खूण करू नका. मग रीस्टार्ट. विंडोज उपकरण पुन्हा ओळखतं आणि ड्रायव्हर नव्याने बसवतं.

साउंड कार्डचं नाव त्या यादीत दिसतच नसेल आणि ‘अदर डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी नावं असतील, तर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा चिपसेट आणि ध्वनी असे दोन्ही ड्रायव्हर घ्या. आजच्या बऱ्याच लॅपटॉपांत आवाज एका वेगळ्या ध्वनी-प्रक्रिया भागातून जातो आणि त्याचा ड्रायव्हर नसेल तर साउंड कार्ड दिसतच नाही.

प्रश्न : रीपर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये रेकॉर्डिंग सुरू केलं की एनव्हीडीए बंद पडतो. रीपर बंद केला की परत बोलतो.

उत्तर : रीपर साउंड कार्ड एकट्याच्या ताब्यात घेतो आहे. विंडोजच्या सामाईक पद्धतीत सगळ्यांचे आवाज एकत्र मिसळून कार्डाकडे जातात. एएसआयओ किंवा ‘एक्सक्लुझिव्ह’ पद्धतीत एकच प्रोग्राम थेट कार्डाशी बोलतो आणि बाकीच्यांना दार बंद होऊ शकतं. चांगली सवय म्हणजे दोन कार्डं : रेकॉर्डिंगचा इंटरफेस रीपरला, लॅपटॉपचं आतलं कार्ड एनव्हीडीएला. त्यात आणखी एक फायदा म्हणजे एनव्हीडीएचं बोलणं मिक्स ऐकताना मध्ये येत नाही. एकच कार्ड असेल तर रीपरमध्ये कंट्रोल पी, ‘डिव्हाइस’चं पान, आणि ध्वनीची पद्धत ‘वासापी’ ठेवून ‘शेअर्ड’ निवडा. किंचित उशीर वाढेल, पण दोघेही ऐकू येतील.

प्रश्न : मॅकवर व्हॉइसओव्हर हा त्याचा स्क्रीन रीडर ऐकू येत नाही. आवाजाची बटणं दाबूनही काही होत नाही.

उत्तर : इथेही बाहेरचा मॉनिटर हाच नेहमीचा गुन्हेगार, म्हणून केबल काढून पाहा. मग कमांड एफ५ दाबून व्हॉइसओव्हर बंद-चालू करा. टच आयडी असलेल्या मॅकवर कमांड धरून टच आयडी तीनदा. ऑप्शन धरून आवाजाचं कोणतंही बटण दाबलं की ध्वनीची सेटिंग थेट उघडते, तिथे आउटपुटमध्ये मॅकचे स्वतःचे स्पीकर निवडा.

प्रश्न : अशा वेळेसाठी जवळ काय ठेवावं? आणि विंडोज नव्याने टाकताना आवाज असतो का?

उत्तर : सगळ्यांत आधी अंगठ्याएवढं यूएसबी साउंड कार्ड. ही कार्डं एका ठरलेल्या सामाईक पद्धतीने बोलतात आणि तिचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, त्यामुळे वेगळं काही बसवावं लागत नाही. विकत आणल्या दिवशीच जोडून पाहा, ते मुख्य उपकरण करा, पाच मिनिटं वापरा आणि मग काढून ठेवा. विंडोज ती पसंती सहसा लक्षात ठेवतं आणि अडचणीच्या वेळी कार्ड लावताच त्यातून बोलू लागतं. कोणत्या यूएसबी भोकात लावलं होतं तेही लक्षात ठेवा, कारण भोक बदललं की काही वेळा विंडोज त्याला नवीन उपकरण समजतं.

ब्रेल डिस्प्ले असेल तर आवाज गेला तरी तो चालूच राहतो. दुसरा संगणक असेल तर एनव्हीडीए २०२५.१ पासून आतच असलेली ‘रिमोट ॲक्सेस’ची सोय लावून ठेवा. यात पलीकडे ध्वनी जात नाही, एनव्हीडीएचे शब्द मजकूर म्हणून जातात आणि दुसऱ्या संगणकाच्या स्पीकरमधून बोलले जातात. म्हणून गप्प यंत्राचं साउंड कार्ड पूर्ण मेलेलं असलं तरी ही युक्ती चालते. अट एवढीच की ‘सुरू होताच आपोआप जोडणी’ हा पर्याय आधी चालू केलेला हवा.

फोनवर सीइंग एआय किंवा लूकआउटसारखं ॲप असेल तर कॅमेरा पडद्यासमोर हातभर अंतरावर धरून मजकूर वाचवता येतो. ॲप काहीच वाचत नसेल तर एनव्हीडीएचा ‘स्क्रीन कर्टन’ चालू आहे का ते आठवा. तो चालू असताना पडदा पूर्ण काळा असतो. कॅमेऱ्याला काही दिसत नाही आणि मदतीला आलेल्या डोळस माणसालाही वाटतं की यंत्रच बंद पडलं. एनव्हीडीए, कंट्रोल आणि एस्केप दाबा, किंवा एनव्हीडीए क्यू आणि एंटर दाबून एनव्हीडीएच बंद करा. पडदा लगेच उजळतो.

विंडोज टाकताना : इन्स्टॉलची पहिली खिडकी आली की विंडोज, कंट्रोल, एंटर दाबून तिथेही नॅरेटर सुरू करता येतो. पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू व्हायला एक-दोन मिनिटं लागू शकतात, म्हणून लगेच दाबून हताश होऊ नका. दर वीस सेकंदांनी एकदा दाबा आणि प्रत्येक वेळी नीट ऐका, कारण दुसऱ्यांदा दाबलं की तो बंदही होतो. आतलं साउंड कार्ड त्या टप्प्यावर ओळखलं जाईलच असं नाही, त्यामुळे यूएसबी कार्ड यंत्र सुरू करण्याआधीच जोडा. त्याआधीचा बायोस हा भाग मात्र बोलत नाही. पेन ड्राइव्हवरून सुरू करण्याचा क्रम तिथे बदलावा लागत असेल, तर त्या पाच मिनिटांसाठी फोनचा कॅमेरा किंवा डोळस माणूस सोबत घ्या, आणि आतलं साउंड कार्ड तिथेच बंद करून ठेवलेलं नाही ना, हेही त्याच बैठकीत वाचून घ्या.